सापळे रिकामे आले म्हणजे लेमिंग नाहीत का?

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा: टुंड्रात दोन उन्हाळ्यांचं काम आहे, माणसं दोन, सापळे साठ. पहिल्या उन्हाळ्यात एका चांगल्या वाटलेल्या जागी दोन रात्री सापळे लावले. एकही लेमिंग नाही, एकही व्होल नाही (दोन्ही उंदराच्या जातकुळीतले छोटे, आखूड शेपटीचे प्राणी). पद्धत चुकली, की प्राणीच नव्हते? पुढच्या वर्षी काय बदलावं? आणि कॅमेरे घेतले तर सापळ्यांची कटकट कायमची मिटेल का?

प्राणी बहुधा फारच थोडे होते. पण तुमच्या हाती आलेल्या शून्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि या सगळ्या कामातली मेख इथेच आहे. लाटेच्या वर्षी, म्हणजे दर काही वर्षांनी त्यांची संख्या फुगते तेव्हा, लेमिंग कुणालाही मोजता येतात. तंबूतून बाहेर पाऊल टाकलं तरी पायाखालून पळतात. कस लागतो तो तळाच्या, म्हणजे संख्या अगदी खाली गेलेल्या वर्षांत, जेव्हा मोजायला काही नसतं आणि तरीही मोजावं लागतं.

आधी तुमचं शून्य तपासू. एक सापळा एक रात्र लावला की एक सापळा-रात्र; साठ सापळे दोन रात्री म्हणजे १२० सापळा-रात्री. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: अमुक इतक्या प्रयत्नांत एकदाही यश आलं नाही, तर ३ ला त्या प्रयत्नांच्या संख्येने भागा, खरा दर त्या आकड्याच्या खाली आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३ भागिले १२० म्हणजे शंभर सापळा-रात्रींमागे २.५. थोडक्यात, तुमचं शून्य फक्त एवढंच सांगतं की दर अडीचपेक्षा कमी असावा. तळाचं वर्ष आणि वर चढू लागलेलं वर्ष, दोन्ही त्या अडीचात आरामात बसतात. शिवाय हा हिशेब प्रत्येक सापळा स्वतंत्र आहे असं धरून केलेला. एकाच ओल्या उतारावर शेजारी-शेजारी लावलेले साठ सापळे स्वतंत्र नसतात, त्यामुळे खरी अनिश्चितता याहून मोठी.

आता दुसरी बाजू बघा. अलास्काच्या उत्तर टोकाला उटकियागविक, म्हणजे पूर्वीचं बॅरो, तिथे तपकिरी लेमिंगच्या लाटेत हेक्टरी शंभराहून जास्त प्राणी नोंदले गेलेत. तळाच्या वर्षी तिथेच कित्येक हेक्टर पालथे घातल्यावर एखादा सापडतो. साठ सापळे दहा-दहा मीटरवर चौकोनात लावले तर जेमतेम अर्धा हेक्टर झाकला जातो. त्या अर्ध्या हेक्टरात तळाच्या वर्षी प्राणी नसणंच स्वाभाविक, मग सापळे साठ असोत की सहाशे. म्हणून नवे सापळे विकत घेण्याआधी आहेत तेच पसरा.

पसरण्यासाठी नॉर्डिक देशांत फार वर्षांपासून वापरात असलेला छोटा चौकोन मला अजूनही सर्वात बरा वाटतो. १५ मीटर बाजूचा चौरस, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर तीन चापाचे, प्राण्याला जागीच मारणारे सापळे, एकूण बारा. उत्तर नॉर्वेतल्या वारांगर द्वीपकल्पावरचं बरंचसं मोजमाप याच चौकोनांवर उभं राहिलंय. तुमच्या साठ सापळ्यांत एका वेळी पाच चौकोन बसतात. दोन रात्री ठेवा, उचला, पुढच्या पाच जागी न्या. बारा रात्रींत सहा फेऱ्या, तीस चौकोन, ७२० सापळा-रात्री. तेव्हाही शून्य आलं तर वरचा ठोकताळा तुम्हाला शंभरामागे ०.४२ वर आणून सोडतो. असं शून्य काहीतरी बोलतं.

कोपरा ठरलेला असला तरी सापळा कुठे टेकवायचा याला डोळा लागतो. शेवाळात किंवा सेज या गवतासारख्या झाडोऱ्यात तीन बोटं रुंद, गुळगुळीत झालेली नाळ दिसते, ती त्यांची वाट. वाट चालू आहे की जुनी हे कडेला पडलेल्या कापलेल्या गवतावरून कळतं: टोकं हिरवी आणि ओलसर असतील तर कालची, पिवळी पडली असतील तर सोडून द्या. सापळा वाटेला आडवा, पाटी वाटेच्या पातळीत. आमिष म्हणून मनुका आणि ओट्स चालतात, पण लेमिंगला आमिषाचं फारसं कौतुक नसतं. व्होल वासावर येतो. लेमिंग बहुतेकदा आपल्या वाटेने धावता धावता अडकतो. हे लक्षात ठेवलं नाही तर दोघांच्या आकड्यांची तुलना करताना फसगत होते. सारख्याच संख्येने असले तरी व्होल जास्त सापडतील.

अजून एक हिशेब लोक हमखास विसरतात. वाऱ्याने, पावसाने किंवा एखाद्या पक्ष्याने चाप पाडला की तो सापळा उरलेल्या रात्री काम करत नाही. कधी पडला हे माहीत नसतं, म्हणून प्रत्येक पडलेल्या सापळ्यामागे अर्धी रात्र वजा करायची, प्राणी असो वा नसो. एका चौकोनात २४ सापळा-रात्री, चार सापळे पडलेले, त्यातल्या एकात व्होल: २४ मधून २ गेले, २२ उरले, दर शंभरामागे ४.५. वजाबाकी न करता ४.२ येतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण वादळी आठवड्यात निम्मे सापळे पडलेले असतात आणि तेव्हा तो क्षुल्लक राहत नाही.

पुढच्या वर्षी काय बदलावं, याचं उत्तर मला माझ्या एका चुकीतून द्यावं लागेल. सुरुवातीच्या एका वर्षी मीही असाच रिकाम्या हाताने परतलो होतो. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून सापळे शंभर-दीडशे मीटर खाली, नाल्याकाठच्या दाट गवतात हलवले आणि शिवाय तीन आठवडे उशिरा गेलो. भरपूर व्होल मिळाले. मी खूश. मग आकडे मांडायला बसलो तेव्हा कळलं की वाढ प्राण्यांची होती, जागेची होती की ऑगस्टच्या पिल्लांची, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. दोन वर्षांचे आकडे होते, दोन वर्षांची तुलना नव्हती. तेव्हा जुनी जागा सोडू नका. नव्या जागा वाढवा, पण जुन्या ठिकाणी त्याच तारखांना तेवढेच सापळे त्याच खुंट्यांवर लावा, कितीही व्यर्थ वाटलं तरी.

तारखा दोन हव्यात: बर्फ वितळल्या वितळल्या एकदा आणि उन्हाळा सरताना एकदा. एकच मोजणी केली तर हिवाळ्याने काय दिलं आणि उन्हाळ्याने काय घेतलं हे वेगळं करता येत नाही. आणि टुंड्रातल्या लेमिंगचा निकाल बराचसा हिवाळ्यात लागतो.

लेमिंग हिवाळाभर झोपून काढत नाही. बर्फाखाली जागा असतो, खातो आणि पिल्लंही घालतो. गर्भकाळ तीन आठवड्यांचा, त्यामुळे चांगल्या हिवाळ्यात वसंत येईपर्यंत पिढ्यांवर पिढ्या निघतात. चांगला हिवाळा म्हणजे कडक थंडीचा नव्हे, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. जमीन लवकर आणि भरपूर कोरड्या हिमाने झाकली जाणं महत्त्वाचं. मग जमिनीच्या उबेने तळाचा थर जाड साखरेसारखा सुटा होतो आणि त्यात बोगदे काढणं सोपं जातं. कॉलर्ड जातीचा लेमिंग तर हिवाळ्यात पांढरा होतोच, शिवाय पुढच्या पायांची दोन नखं फावड्यासारखी वाढवतो. याउलट शरदात पडलेल्या हिमावर पाऊस झाला की तळाशी घट्ट बर्फाचा पापुद्रा बसतो. खाणं त्याखाली गोठतं आणि फिरायची पोकळीही बुजते. दक्षिण नॉर्वेतल्या फिन्से इथे १९९४ नंतर लेमिंगच्या नेहमीच्या लाटा येईनाशा झाल्या, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने त्याचा संबंध हिमाच्या याच बिघडलेल्या प्रतीशी जोडला.

म्हणून माझा आग्रह असतो की सापळ्यांआधी बटणाएवढे तापमान-नोंदक घ्या आणि चौकोनांजवळ जमिनीच्या पृष्ठावर ठेवून या. जाड हिमाखालची तापमानाची रेघ जवळजवळ सपाट येते, वर हवा कितीही उड्या मारो. रेघ मध्येच शून्यावर चिकटून बसली तर पाणी झिरपलं असं समजा. वर्षभराने ही एक फाइल उघडली की सापळे रिकामे का आले याचा निम्मा अंदाज येतो.

हिवाळ्याचा दुसरा साक्षीदार म्हणजे घरटी. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, आणि दोन माणसांना झेपणारी सर्वात किफायतशीर मोजणी हीच आहे. बर्फ उतरला की सुक्या गवताचे गोळे उघड्यावर पडलेले दिसतात, दोन ओंजळींत मावतील एवढे, विशेषतः जिथे हिम दाट साचतं अशा उतारांच्या पायथ्याशी. गोळा हातात घेऊन उकला. आत-बाहेर लेंड्या असतात. तपकिरी लेमिंगच्या मोठ्या आणि हिरवट. कॉलर्डच्या लहान, लालसर तपकिरी. खूप बारीक लेंड्या मिसळलेल्या असतील तर आत पिल्लं वाढली. आणि अस्तर गवताऐवजी लेमिंगच्याच केसांचं असेल तर मालक बदललेला आहे: स्टोट किंवा वीझल, म्हणजे मुंगसासारखा सडपातळ शिकारी, आत शिरला, घरमालकाला खाल्लं आणि त्याच्या केसांवर झोपला. एका गोळ्यातून कोण राहिलं, व्यायलं का आणि मारलं कुणी, हे तिन्ही कळतं. सापळ्यातून एवढं कधी कळत नाही.

ईशान्य ग्रीनलंडमध्ये ट्रेल बेटावर १९८८ पासून आणि झॅकेनबर्गच्या संशोधन केंद्रापाशी १९९६ पासून अशी घरटी मोजली जातात. दोन्हीकडे आधी चार-चार वर्षांच्या ठाशीव लाटा दिसत होत्या आणि २००० च्या सुमारास त्या विझल्या. ही गोष्ट जगाला कळली ती मुख्यतः कुणीतरी दर उन्हाळ्यात वाकून गवताचे गोळे मोजत राहिल्यामुळे.

पद्धत अशी: सरळ रेषा आखून चालायचं आणि प्रत्येक घरट्याचं रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर मोजायचं. लांबची घरटी नजरेतून सुटतात, ती किती सुटली याचा अंदाज या अंतरांवरून बांधता येतो. त्यासाठी साठ-ऐंशी तरी घरटी हाती लागावी लागतात. तळाच्या वर्षी लागणार नाहीत. तेव्हा अनेक वर्षांची अंतरं एकत्र करून नजरेचा हिशेब काढायचा आणि त्या वर्षाची संख्या वेगळी. मोजलेलं घरटं फोडून टाका किंवा उचलून न्या, नाहीतर पुढच्या वर्षी तेच पुन्हा मोजाल. काम गवत वर येण्याआधी उरका. एक मात्र लक्षात असू द्या की घरटी म्हणजे डोकी नव्हेत. एक प्राणी एकाहून जास्त घरटी बांधतो. वर्षा-वर्षांची चढउतार पाहायला आकडा उत्तम, हेक्टरी किती लेमिंग हे सांगायला नाही.

हेक्टरी आकडाच हवा असेल तर जिवंत पकडून, खूण करून, सोडून, पुन्हा पकडण्याला पर्याय नाही. कॅनडातल्या बायलट बेटावर सुमारे ११ हेक्टरच्या चौकोनात दर ३० मीटरवर एक पिंजरा अशी मांडणी असते. फेऱ्या दिवसातून दोनदा तरी, थंड पावसात त्याहून जास्त. पिंजऱ्यात कापूस आणि पाणीदार खाणं ठेवा. चिचुंद्रीसारखा प्राणी काही तासांतच उपाशी मरतो. पण तुमच्या दोन माणसांत आणि तळाच्या वर्षात हे करू नका. तीन प्राणी पकडले, एक पुन्हा आला, यावरून कुठलंही मॉडेल शहाणं उत्तर देणार नाही. ज्यांच्याकडे लाटेच्या वर्षांचाही डेटा असतो ते पकडले जाण्याचा दर तिकडून उसना घेतात. तुमच्याकडे अजून ती वर्षं नाहीत.

आता कॅमेरे. वारांगरला जो प्रकार रुळलाय तो म्हणजे दोन्हीकडे तोंडं असलेली पेटी, छताला खाली बघणारा कॅमेरा, पेटी वाटेवर ठेवलेली, वरून दगड. हिवाळाभर हिमाखाली ती चालते, आणि जे आजवर कुणालाच दिसत नव्हतं ते दिसतं: जानेवारीत कोण जातंय-येतंय, मागोमाग स्टोट कधी आला. यासाठी कॅमेऱ्यांना तोड नाही. पण सापळ्यांची कटकट जाऊन दुसऱ्या कटकटी येतात. पाणी साचेल अशा खोलगटात ठेवलेली आमची एक पेटी पहिल्याच वितळण्यात भरली आणि मग गोठली. पुढच्या जुलैत उघडली तेव्हा कार्डवर पाच महिने पांढऱ्या दवाचे फोटो होते, एकही प्राणी नाही. तो शून्य मी सुरुवातीला खरा धरला होता! तेव्हापासून आम्ही दिवसातून एक फोटो ठरलेल्या वेळी आपोआप निघेल असं लावतो. त्यावरून काच स्वच्छ होती की नाही हे कळतं आणि झाकलेले दिवस हिशेबातून वगळता येतात.

शिवाय एकच लेमिंग रात्रीत वीस वेळा पेटीतून गेला तर वीस फोटो. खूण नसल्याने वीस लेमिंग की एक, हे फोटो सांगत नाही. फोटोंची मालिका आणि सापळ्यांची मालिका एकमेकांशी जुळवायची तर दोन्ही काही वर्षं शेजारी-शेजारी चालवावी लागतात, आणि त्यात एक वर चढलेलं वर्ष यावंच लागतं. दोन्हीकडे शून्य आलं तर काय जुळवणार? म्हणून कॅमेरे घ्या, जरूर घ्या, सापळे इतक्यात विकू नका. हळूहळू मारणारे सापळे कमी व्हावेत हे मलाही वाटतं, कारण नुसत्या आकड्यासाठी प्राणी मारणं वर्षागणिक जड जातं. पण मेलेल्या व्होलचे दात बघून जात नक्की करणं, पोटात किती पिल्लं होती हे पाहणं, आतड्यातले कृमी मिळणं, हे फोटोतून होत नाही. मारायचेच तर त्यातलं काही वाया घालवू नका.

फुकटात मिळणारा एक आकडा बहुतेक जण हातचा घालवतात. रोज संध्याकाळी वहीत लिहा: आज किती तास चाललो, किती लेमिंग डोळ्यांनी दिसले. कामाला कशालाही गेला असाल, तास मोजा. शून्य दिसले तर शून्य लिहा. ऐकायला बाळबोध वाटतं, पण बायलटवर अशा नोंदी पिंजऱ्यांच्या आकड्यांशी पडताळून पाहिल्या गेल्यात आणि त्या चांगल्या टिकल्या. त्याच वहीत पक्षी आणि कोल्हेही येऊ द्या. हिमघुबड लेमिंग नसले तर त्या भागात अंडीच घालत नाही. लांब शेपटीचा स्कुआ हा समुद्रपक्षी येतो, बघतो आणि बरेचदा अंडी न घालता निघून जातो. ध्रुवीय कोल्ह्याच्या बिळाशी पिल्लं आहेत की नाहीत हे दुरूनही दिसतं. ग्रीनलंडमधल्या कॉलर्ड लेमिंगचं चक्र स्टोट, कोल्हा, हिमघुबड आणि स्कुआ या चौघांच्या आधारे समजावता येतं, असं २००३ मध्ये दाखवलं गेलं. हे चौघं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जमीन रोज तपासतात. तिघांनी पाठ फिरवली असेल तर तुमचा रिकामा सापळा खोटं बोलत नाही.

हाताळणीबद्दल थोडक्यात. हातमोजे नेहमी, मेलेल्या प्राण्यासाठीही. लेमिंगकडून तुलारेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. लाटेच्या वर्षी मेलेले प्राणी ओढ्यात पडतात, तेव्हा पाणी उकळूनच प्या. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर जाणार असाल तर तिथे मुळात लेमिंग नाहीत. माणसाबरोबर आलेला एक व्होल आहे, आणि त्याच्यात आणि कोल्ह्यांत माणसाला घातक ठरणारा फीतकृमी फिरतो. आणि नॉर्वेजियन लेमिंग जिवंत हाती आला तर तो पळत नाही. उलट फिरून किंचाळतो आणि चावतो. कड्यावरून सामूहिक उड्या मारून जीव देतो ही मात्र निव्वळ थाप आहे. लाटेत माणसं बघतात ती गर्दीतून बाहेर पडणाऱ्यांची धावपळ.

शेवटी दोन उन्हाळ्यांबद्दल. चक्र तीन ते पाच वर्षांचं; लेमिंगच्या लाटा ठरावीक वर्षांनी येतात हे चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२४ मध्येच लिहून ठेवलंय. फिनलंडच्या किल्पिसयार्वीला १९४० च्या दशकापासून सापळे लागतायत आणि तिथेही लेमिंगची लाट दर चक्रात येत नाही. व्होल चढतात, लेमिंग बसून राहतात. २०२० मध्ये सगळ्या आर्क्टिकचा आढावा घेतला गेला तेव्हाही सरसकट घसरण निघाली नाही, कुठे विझलं, कुठे चालू, असंच चित्र आलं. तेव्हा दोन वर्षांवरून ‘लेमिंग कमी होतायत’ असं अहवालात लिहू नका, मोह झाला तरी.

यंदाच्या शून्याचं काय करायचं, तर ते नीट नोंदवून ठेवा: १२० सापळा-रात्री, किती सापळे पडलेले सापडले, तारखा, दोन्ही रात्रींचं हवामान, प्रत्येक सापळ्याचे जीपीएस बिंदू. जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे दाखवतं आणि व्होलची वाट तेवढ्यात बदलते, म्हणून प्रत्येक जागी लाकडी खुंटी ठोकून तिच्यावर क्रमांक घाला. या उन्हाळ्यात परत जाणार नसाल तर तापमान-नोंदक जो कुणी शेवटचा तिथे जाईल त्याच्या हाती पाठवा, बर्फ पडायच्या आत. पुढच्या जूनमध्ये पोहोचल्यावर सापळे उघडण्याआधी दोन दिवस घरट्यांसाठी ठेवा. गवत वाढलं की ती संधी गेली.